अंगात आल्याशिवाय बोलायचं कसं?

वणीतल्या नववी-दहावीच्या पोट्ट्यांना आजकाल कोरियन येतं. पूर्ण नाही, कामापुरतं. आईला 'ओम्मा' म्हणायचं, वडिलांना 'आप्पा' (हे तर आपलंच!), आणि रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर सिरियल. 'काय पाहून राहिली वं एवढं?' असं आईने विचारलं की उत्तर ठरलेलं, 'तुले नाही समजणार.' त्या सिरियलमधली घरं चकचकीत, पोरं देखणी, हळू आवाजात बोलणारी, पावसात छत्री धरणारी. पाहून वाटतंच, तिकडच्या बायकांचं किती बरं असेल!

सिरियल पाहायला माझी ना नाही. पण त्याच देशातल्या बायकांनी लिहिलेली पुस्तकं वाचली, की ती छत्री धरणारा पोरगा लग्नानंतर सणाच्या दिवशी कुठे बसतो ते कळतं. दिवाणखान्यात बसतो, आपल्या वडिलांच्या शेजारी.

चो नाम-जू या लेखिकेची 'किम जी-यंग, जन्म १९८२' ही कादंबरी २०१६ साली कोरियात आली. त्या पिढीत मुलींचं अगदी सर्रास आढळणारं नाव नायिकेला दिलंय, म्हणजे आपल्याकडची सुनीता किंवा संगीता समजा. सुरुवातीलाच सणाचा प्रसंग आहे. चुसोक हा तिकडचा सुगीचा सण. पूर्वजांची पूजा, नैवेद्य, सासरी सगळा गोतावळा जमलेला. बायका तळताहेत, भरताहेत, वाढताहेत. आपल्याकडच्या महालक्ष्म्या डोळ्यांपुढे आणा. सोळा भाज्या, आंबील, पुरण, कढी, वडे. पहाटे चारला उठलेली सून दुपारी चारला जेवायला बसते, आणि तोवर पुरणपोळीवरची तिची वासनाच गेलेली असते. कोरियात सणानंतर बायकांना येणाऱ्या या शिणवट्याला चक्क नाव आहे, 'सणाचं दुखणं'. आपल्याकडे दुखणं आहे, नाव नाही.

तर त्या सणाला, भरल्या घरात, जी-यंग एकदम वेगळ्याच आवाजात बोलायला लागते. तिच्या आईच्या आवाजात. सासऱ्यांना ती विचारते, तुमची लेक सणाला माहेरी येते, तुम्हाला तिला पाहून आनंद होतो, मग माझ्या लेकीलाही तिच्या घरी पाठवा की! सगळे थिजतात. नवरा घाईघाईने तिला गाडीत घालून घेऊन जातो. पुढे तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात.

परदेशी समीक्षकांना हा प्रसंग विलक्षण वाटला. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला तो ओळखीचा वाटेल. याला आपण 'अंगात येणं' म्हणतो! नवरात्रात, महालक्ष्म्यांच्या आरतीला, वर्षभर खाली मान घालून वावरणारी बाई केस मोकळे सोडून घुमायला लागते आणि सासूला, दिराला, प्रसंगी नवऱ्याला एकेरीत झापते. आणि तेच लोक हात जोडून उभे! 'आई, काय चुकलं आमचं?' असं विचारतात. देवी म्हणते, 'माह्या झाडाले जपत नाही तुम्ही.' झाड म्हणजे ती स्वतः. त्यात भक्ती किती, मनाचा आजार किती, हा वाद बाजूला ठेवू. मला एवढंच दिसतं, की स्वतःच्या तोंडाने जे सांगता येत नाही ते सांगायला तिला देवीचं तोंड लागतं. कोरियातल्या जी-यंगला आईचं लागलं.

कादंबरीत पुढे भयंकर असं काही घडत नाही. तेच जास्त बोचतं. शाळेत मुलांचे हजेरी क्रमांक आधी, मुलींचे नंतर. घरात गरम भात आधी बापाला, मग भावाला, मग आजीला. मुलीचाच गर्भ आहे म्हणून आईने पाडलेलं तिसरं मूल. नोकरी मिळते, मूल झाल्यावर सुटते. एकदा बाबागाडीत लेकीला घेऊन ती बागेत स्वस्तातली कॉफी पीत बसलेली असते, तर शेजारचे ऑफिसातले पुरुष कुजबुजतात, नवऱ्याच्या पैशावर मजा चाललीय. तिला ते जो शब्द वापरतात तो 'मॉम'ला किडा जोडून बनवलेला आहे. आई-किडा! मध्येच लेखिका तळटीपा देऊन सरकारी आकडे सांगते, कादंबरी असूनही. मला ते आधी विचित्र वाटलं, मग पटलं. बाईने नुसती तक्रार केली तर कोण ऐकतं? पुरावा जोडावा लागतो.

आणि शेवट तर असा, की तिची सगळी कहाणी सहानुभूतीने लिहून घेणारा तो डॉक्टर, आपल्या दवाखान्यातली एक कर्मचारी गरोदरपणामुळे नोकरी सोडते तेव्हा मनाशी ठरवतो, पुढची नेमताना बिनलग्नाचीच बघायची.

पुस्तकाच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. २०१८ मध्ये आयरीन नावाच्या लोकप्रिय गायिकेने 'मी हे पुस्तक वाचलं' एवढंच म्हटलं, तर तिच्या काही पुरुष चाहत्यांनी तिचे फोटो जाळले, कापले आणि इंटरनेटवर टाकले. वाचलं म्हणाली, बरं का. आवडलं असंही नाही!

हान कांग यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०२४ चं साहित्याचं नोबेल त्यांना मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन लेखक आणि पहिल्या आशियाई स्त्री. त्यांच्या २००७ सालच्या 'शाकाहारी' या कादंबरीतली यंग-हे एक दिवस मांस खाणं सोडते. एक स्वप्न पडलं, एवढंच कारण सांगते. त्यावरून घर पेटतं. बाप भर जेवणात तिला थोबाडीत मारतो आणि जबरदस्तीने मांस तोंडात कोंबतो. आपल्याला पहिल्यांदा हे परकं वाटतं. आपल्याकडे बाईने मटण सोडलं तर पुण्य! पण जरा थांबून पाहा. आपल्याकडची बाई खाणं सोडते ते कुणासाठी? हरितालिका नवऱ्यासाठी, संकष्टी मुलांसाठी, गुरुवार घरात लक्ष्मी यावी म्हणून. तिने दुसऱ्यासाठी उपाशी राहिलेलं घराला चालतं. तिला स्वतःला नको म्हणून तिने एखादी गोष्ट सोडली, की 'हे काय नवीन फॅड?' तीन भागांच्या या कादंबरीत यंग-हेला स्वतःची बाजू सांगायला मिळतच नाही, एखाददुसऱ्या स्वप्नाचा तुकडा सोडला तर. पहिल्या भागात नवरा सांगतो, मग मेहुण्याच्या नजरेतून, शेवटी बहिणीच्या.

हे वाचताना मला सारखं वाटत होतं, कोरियातल्या बायका आज जे लिहितात आणि ज्यासाठी शिव्या खातात, ते आपल्या वऱ्हाडात कधीच लिहून झालंय. आपण विसरलो, हा भाग वेगळा.

बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे. १८५० चा जन्म, वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, पोटचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. ती वाचून ताराबाई उसळल्या आणि १८८२ मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' हे छोटंसं पुस्तक पुण्यातून छापून घेतलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. जे दुर्गुण बायकांचे म्हणून सांगता ते पुरुषांत काय कमी आहेत, असं एकेक दुर्गुण घेऊन त्या विचारतात. विधवेने लग्न करायचं नाही आणि पुरुषाने एकीमागून एक करत राहायचं, हा कुठला न्याय? भाषा कशी, तर ओट्यावर बसून भांडावं तशी. शास्त्र लिहिणाऱ्यांनाही सोडलं नाही, त्या वेळच्या नाटक-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनाही नाही. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा महात्मा फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पण नंतर ताराबाईंनी काहीच छापलं नाही. पुस्तकही गडप झालं. ते स. गं. मालशे यांनी शोधून १९७५ साली पुन्हा छापलं, म्हणजे त्र्याण्णव वर्षांनी.

कोरियातही अशी एक होऊन गेली. ना हे-सोक, जन्म १८९६. टोकियोला जाऊन तैलचित्रं शिकली, १९१८ मध्ये शिकलेल्या मुलीवर 'क्योंग-ही' ही कथा लिहिली. युरोपच्या प्रवासात दुसऱ्या पुरुषाशी संबंध आला म्हणून नवऱ्याने घटस्फोट दिला. १९३४ मध्ये तिने 'घटस्फोटाची कबुली' नावाचा लेख मासिकात उघडपणे छापला. नवऱ्याला सगळं माफ आणि माझ्याकडून मात्र पावित्र्याची अपेक्षा, हा तिचा सवाल होता. समाजाने तिला वाळीत टाकलं. १९४८ च्या डिसेंबरात एका धर्मादाय दवाखान्यात ती बेवारस म्हणून वारली. आज तिकडे तिच्या चित्रांची प्रदर्शनं भरतात.

ताराबाईंनंतर वऱ्हाडातूनच गीता साने आल्या. १९०७ चा जन्म वाशिमचा. १९३६ मध्ये त्यांची 'निखळलेली हिरकणी' आली. विवाहसंस्थेलाच प्रश्न विचारणाऱ्या त्यांच्या नायिका त्या काळच्या वाचकांना झेपल्या नाहीत. स्वतः लग्न केलं, पण नाव गीता सानेच ठेवलं. पुढे कोळशाच्या मुलखात, धनबादला राहिल्या. चंबळच्या खोऱ्यात फिरून डाकूंवर पुस्तक लिहिलं. विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'ची चर्चा निदान होते तरी. सान्यांचं नाव आमच्या भागातल्या मराठीच्या प्राध्यापिकांनाही आठवावं लागतं, हे मला खटकतं.

त्यांच्याबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. १९७२ साली वणीहून फार लांब नाही अशा देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात (तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली) एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. हेच ते मथुरा प्रकरण. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली, पण सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये त्यांना सोडून दिलं. कारण काय, तर मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही. तेव्हा चार कायदेतज्ज्ञांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हा त्यातला मुद्दा होता. त्या पत्रावरून देशभर स्त्रियांची आंदोलनं झाली आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पत्र लिहिणारे होते उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार. या वसुधाताई गीता सान्यांच्या लेक. आईने कादंबऱ्या लिहिल्या, लेकीने पत्र. मला दोन्ही एकाच वहीत लिहिल्यासारखं वाटतं.

पण वऱ्हाडातल्या बाईचं दुखणं नुसतं बाईपणाचं नाही, तिथे कोरियाचा आरसा अपुरा पडतो. नागपूरच्या कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' १९८१ साली आलं. दलित घरातली मुलगी संस्कृतात एम.ए. होते, चांगल्या गुणांनी होते, गावभर कौतुक होतं आणि नोकरी मात्र मिळत नाही. मग आंतरजातीय लग्न होतं, सोमकुवरची पावडे होते आणि नोकरी मिळते. ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवलीय. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही यावर आपण भिशीत तास तास वाद घालतो. कुमुदताईंच्या बाबतीत त्या नावाचा हिशेबच निराळा होता. ती पगाराची किल्ली होती.

नावाचाच विषय निघाला म्हणून सांगते. कोरियात लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. ऐकून मला हेवा वाटला होता! पण तिथे 'होजू' नावाची पद्धत होती. प्रत्येक घराची सरकारी नोंदवही, आणि तिचा प्रमुख पुरुषच. बाप गेला की मुलगा प्रमुख, मग तो पाळण्यात का असेना. आई त्याच्या खाली. लग्न झालं की मुलीची नोंद बापाच्या वहीतून कापून नवऱ्याच्या वहीत. तिथल्या बायका यावर वर्षानुवर्षं भांडल्या. फेब्रुवारी २००५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ही पद्धत घटनेत बसत नाही असं सांगितलं आणि १ जानेवारी २००८ पासून ती गेली.

योगायोग पाहा, आपल्याकडे हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्मापासून मुलाइतकीच वाटेकरी. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच तसा कायदा केला होता. आता तुमच्या घरचा सातबारा काढून बघा. किती जणींची नावं आहेत? आणि असली तरी राखीच्या आसपास तलाठ्याकडे जाऊन 'हक्कसोड' सही कितींनी केलीय? भावाने साडी घेतली, जेवू घातलं, गाडीभाडं दिलं, आणि वावर त्याच्या नावे झालं. 'माहेर तुटू नये' म्हणून केली असं प्रत्येक जण सांगते. जमीन मागितल्यावर तुटतं ते कसलं माहेर, हे विचारायचं धाडस मलाही भर पंगतीत झालेलं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं, पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढून बायकोच्या नावे जमीन करायला लावली. आमच्या विदर्भातल्या कापसाच्या गावांनाही त्या मोहिमेची आठवण आहे. निंदण तिचं, वेचणी तिची, आणि पट्टी त्याच्या नावाची, हे मात्र अजून बहुतेक ठिकाणी तसंच.

मुलींच्या जन्माचं पाहा. १९९० मध्ये कोरियात १०० मुलींमागे ११६ हून जास्त मुलगे जन्मत होते. मुलगाच हवा, हे तिथेही होतं. आज तो आकडा नैसर्गिक पातळीवर आलाय. २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने गर्भाचं लिंग सांगण्यावरची बंदीच उठवली, कारण आता मुलाचा सोस उरलेला नाही. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा केला महाराष्ट्राने, १९८८ साली. आणि २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या १००० मुलग्यांमागे मुली किती होत्या राज्यात? ८९४. २००१ मध्ये ९१३ होत्या. मात्र म्हणून कोरियात सगळं आलबेल आहे असं नाही. पुरुष आणि स्त्रीच्या पगारातली तफावत तिथे सुमारे ३० टक्के, श्रीमंत देशांत सर्वांत मोठी. 'लग्न नको, मूल नको' म्हणणाऱ्या मुली वाढल्या आणि २०२३ मध्ये जननदर ०.७२ वर आला. तिकडचे पुढारी पैसे देऊ करताहेत, मुलं जन्माला घाला म्हणून! मुली विचारतात, आणि नोकरी सुटली तर? पुन्हा तीच बागेतली कॉफी.

पाक वान-सो या तिकडच्या थोर लेखिका. पाच मुलं वाढवून झाल्यावर, वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९७० मध्ये एका महिला मासिकाच्या कादंबरी स्पर्धेत त्यांनी पहिली कादंबरी पाठवली. बक्षीस मिळालं आणि मग आयुष्यभर लिहीत राहिल्या. आपल्याकडेही 'स्त्री' मासिकाने १९३० पासून, आणि नंतर विद्याताई बाळांच्या 'मिळून साऱ्याजणी'ने किती जणींना लिहितं केलं! तेव्हा बायकांच्या पानांना 'पाककृतींचं पान' म्हणून हसणाऱ्यांनी जरा जपून हसावं.

वाचणाऱ्या बायका पुष्कळ, लिहिणाऱ्याही बऱ्याच, व्यासपीठावर किती? आमच्या वणीला साहित्याचा मान मोठा. इथे जन्मलेले लोकनायक बापूजी अणे १९२८ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. इथल्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले राम शेवाळकर १९९४ मध्ये पणजीला अध्यक्ष झाले. संमेलन सुरू झालं १८७८ साली. बाईला अध्यक्ष व्हायला १९६१ उजाडलं, तेही ग्वाल्हेरलाच, आणि ती बाईही विदर्भातलीच, कुसुमावती देशपांडे. नंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, तारा भवाळकर. २०२५ च्या दिल्लीच्या संमेलनापर्यंत ९८ संमेलनं आणि सहा बायका.

यातलं अरुणाताईंचं संमेलन आपल्या यवतमाळचं, जानेवारी २०१९. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग 'येऊ नका' असं कळवलं. एक्याण्णव वर्षांच्या लेखिकेला! महाराष्ट्रभर नाचक्की झाली, काही साहित्यिकांनी बहिष्कार टाकला, महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. शेवटी उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केल्यावर अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम आणि शिवणकाम करून मुलं वाढवणारी बाई. काहींनी तेव्हा नाकं मुरडली, की एकीला टाळून दुसरीला ढालीसारखं पुढे केलं. ती शंका अगदीच चुकीची नव्हती. पण वैशालीताई माईकसमोर पहिल्यांदाच उभ्या राहत नव्हत्या. श्याम पेठकरांच्या 'तेरवं' या नाटकात, शेतकऱ्यांच्या विधवांनीच काम केलेल्या नाटकात, त्या आधीपासून होत्या. हरीश इथापे यांनी बसवलेल्या त्या नाटकात या बायका आपलंच जगणं आपल्याच बोलीत मांडतात. दिराने जमिनीतून कसं काढलं, हळदीकुंकवाला कसं टाळलं, सरकारी मदतीचे कागद किती वेळा मागितले. घुमत नाहीत, केस सोडत नाहीत, देवीचं नाव घेत नाहीत. साध्या आवाजात, स्वतःच्या नावाने सांगतात. आणि समोर बसलेल्या गावातल्या बाप्यांना ते खुर्चीवर बसून ऐकावं लागतं.